भुलीच्या औषधाने नैराश्य हटतं का?

डिप्रेशनची गोळी लिहून देताना मनोविकारतज्ज्ञ एक गोष्ट हमखास सांगतात: फरक पडायला तीन-चार आठवडे लागतील, तोवर गोळी बंद करू नका. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणं जमत नाही, ज्याच्या डोक्यात जीव द्यायचे विचार घोळताहेत, त्याचे हे तीन-चार आठवडे कसे जातात ते घरच्यांनाच विचारावं. त्यात पहिल्याच गोळीने पूर्ण बरे होणारे रुग्ण साधारण एक तृतीयांश. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात हेच दिसलं. बाकीच्यांची गोळी बदलते आणि वाट पाहणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. केटामाइन या भुलीच्या औषधाबद्दल एवढी चर्चा का, याचं उत्तर या ताटकळण्यात आहे. ते काम करतं तेव्हा काही तासांत करतं.

औषध मात्र जुनंच. १९६२ साली अमेरिकेत कॅल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने पार्क-डेव्हिस कंपनीसाठी ते तयार केलं. त्याआधीचं पीसीपी हे भुलीचं औषध रुग्णांना तासन्तास भ्रमात ठेवत असे, म्हणून कमी काळ टिकणारा भाऊबंद हवा होता. १९६४ मध्ये मिशिगनमधल्या जॅक्सन तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर पहिले प्रयोग झाले (आजच्या नीतिनियमांत हे बसणं कठीण), १९७० मध्ये मान्यता मिळाली आणि व्हिएतनामच्या युद्धात ते सर्रास वापरलं गेलं. कारण साधं होतं: या भुलीत सहसा श्वास चालू राहतो, रक्तदाब पडत नाही. जिथे व्हेंटिलेटर नाही, धड वीज नाही, तिथल्या डॉक्टरला याहून सोयीचं काय असणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते कित्येक वर्षं आहे. केटामाइन दिलेल्या पेशंटचे डोळे उघडे असतात, पण तो तिथे नसतो.

२००० साली येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सात नैराश्यग्रस्त रुग्णांना ते शिरेतून दिलं. वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, ४० मिनिटांत. म्हणजे भुलीसाठी लागतं त्यापेक्षा बरंच कमी. तीन दिवसांच्या आत मनःस्थिती सुधारली. सात जणांच्या निष्कर्षावर फारसं कुणी विसंबलं नाही. मग २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झराटे यांच्या गटाने, आधीच्या औषधांना दाद न दिलेले १८ रुग्ण घेतले. एका डोसनंतर चोवीस तासांत ७१ टक्क्यांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली. आठवडाभर ही सुधारणा टिकली ती ३५ टक्क्यांत. या दोन आकड्यांमधलं अंतर लक्षात ठेवावं, जाहिरातींत फक्त पहिला आकडा असतो.

हे होतं कसं? नेहमीच्या गोळ्या सेरोटोनिनसारख्या रसायनांवर काम करतात. केटामाइन ग्लुटामेट या मेंदूतल्या सगळ्यात मुबलक संदेशवाहकाच्या वाटेत शिरतं आणि एनएमडीए नावाचे ग्राही (पेशींवरच्या, संदेश पकडणाऱ्या जागा) बंद करतं. एक लोकप्रिय मांडणी अशी, की आधी लगाम धरणाऱ्या चेतापेशी गप्प होतात, त्यामुळे ग्लुटामेट थोडा वेळ उसळतं आणि पेशींमधले नवे जोड तयार करणारी यंत्रणा सुरू होते. दीर्घकाळच्या ताणाने उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागातले हे जोड झडतात. केटामाइनने ते पुन्हा उगवतात, हे येलच्याच प्रयोगशाळेने दाखवलं. पण २०१९ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या एका प्रयोगाने गोष्ट गुंतागुंतीची केली: उंदरांचं वागणं आधी सुधारतं, जोड नंतर उगवतात. म्हणजे जोडांमुळे सुधारणा टिकत असेल, पण सुरू दुसऱ्याच कशाने तरी होते.

मला याहून मोठा प्रश्न वेगळाच वाटतो. कुठल्याही औषधाची चाचणी करताना निम्म्यांना खरं औषध आणि निम्म्यांना नुसतं पाणी देतात, कुणाला काय मिळालं ते रुग्णालाही कळू देत नाहीत. केटामाइनच्या बाबतीत ही लपवाछपवी चालत नाही. ज्याच्या खोलीच्या भिंती हलायला लागल्या, हातपाय आपले वाटेनासे झाले, त्याला आपल्या सलाईनमध्ये काय आहे हे सांगावं लागत नाही. आणि ज्याला काहीच होत नाही तो हिरमुसतो. पाण्याऐवजी गुंगी आणणारं मिडॅझोलाम देऊन बघतात, पण त्यानेही रुग्ण फारसे फसत नाहीत.

स्टॅनफर्डच्या भूलतज्ज्ञांनी यावर नामी युक्ती काढली. डिप्रेशन असलेले, पण दुसऱ्याच कारणाने शस्त्रक्रियेला आलेले ४० रुग्ण निवडले आणि पूर्ण भुलीत असताना काहींना केटामाइन, काहींना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं नुसतं पाणी, दिलं. निकाल २०२३ मध्ये आला. दोन्ही गट चांगलेच सुधारले आणि त्यांच्यात फरक दिसला नाही. ज्यांना जास्त बरं वाटलं त्यांनी ‘मला केटामाइनच मिळालं असणार’ असा अंदाज केला, मग प्रत्यक्षात काहीही मिळालेलं असो. यावरून केटामाइन थोतांड ठरत नाही: भुलीच्या इतर औषधांनी त्याचा परिणाम झाकला असेल, किंवा तो जागेपणीचा विलक्षण अनुभवच उपचाराचा भाग असेल. पण अपेक्षेचं वजन किती, ते या चाचणीने दाखवलं.

प्लासिबोऐवजी दुसऱ्या उपचाराशी तुलना करता येते. त्याच २०२३ साली अमित आनंद (येलच्या सात जणांच्या अभ्यासातही ते होते) यांच्या गटाने केटामाइन आणि विद्युत उपचार, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘शॉक’ म्हणतात तो, समोरासमोर ठेवले. तीन आठवड्यांत केटामाइनने ५५ टक्के आणि शॉकने ४१ टक्के रुग्ण सुधारले. भास-भ्रम असलेले रुग्ण यात नव्हते. स्वीडनमधल्या अभ्यासात मात्र शॉक सरस ठरला. आपल्याकडे शॉक म्हटलं की सिनेमातली किंचाळी आठवते. प्रत्यक्षात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो द्यायलाच बंदी आहे.

धोके खरे आहेत. डोस चालू असताना रक्तदाब चढतो, मळमळतं, काहींना भीती वाटते. दीर्घकाळ आणि भरमसाट घेणाऱ्यांच्या मूत्राशयाचं कायमचं नुकसान होतं. व्यसन लागतं. अभिनेता मॅथ्यू पेरीचा २०२३ मधला मृत्यू केटामाइनच्या परिणामांमुळे झाला. त्याचे अधिकृत उपचार चालू होते, पण जीव गेला तो बाहेरून मिळवलेल्या औषधाने. अमेरिकेत २०१९ पासून मिळणारा एस्केटामाइनचा (केटामाइनच्याच एका प्रकाराचा) नाकातला फवारा म्हणूनच घरी देत नाहीत. तो दवाखान्यात घ्यायचा, दोन तास तिथेच थांबायचं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. भारतात केटामाइन शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत) आणि अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आहे. नैराश्यासाठी काही मनोविकारतज्ज्ञ ते वापरतात, पण भूलतज्ज्ञाच्या किंवा तातडीच्या सोयीविना कुणी ‘ड्रिप’ लावत असेल तर तिथून उठून यावं.

आता पैशांचं. केटामाइनच्या रेणूचे दोन प्रकार चपलांच्या जोडासारखे असतात, डावा आणि उजवा. त्यातला एक वेगळा काढला की एस्केटामाइन. त्यावर पेटंट मिळतं आणि किंमतही लावता येते. साध्या केटामाइनची कुपी स्वस्त आहे, म्हणून तिच्या मोठ्या चाचण्यांवर खर्च करायला कंपन्या उत्सुक नसतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी मात्र त्याच स्वस्त औषधाची, कातडीखालच्या इंजेक्शनने, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे चाचणी घेतली. ठरावीक कमी डोसचा मिडॅझोलामपेक्षा काही फायदा दिसला नाही. प्रतिसाद पाहून डोस वाढवला तेव्हा पाचातला एक रुग्ण नैराश्यातून पूर्ण बाहेर आला. मिडॅझोलामच्या गटात हे प्रमाण दोन टक्के होतं. उपचार थांबल्यावर चार आठवड्यांनी पाहिलं, तर दोन गटांतला तो फरक बराचसा विरला होता.