मालवेअर काढणे (घरगुती कंप्युटर)

घरच्या कंप्युटरला मालवेअर (म्हणजे अपाय करण्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम, व्हायरस हा त्यातलाच एक प्रकार) लागल्यावर तो पुन्हा भरवशाचा करण्याचं काम. बोलताना आपण नुसतं ‘व्हायरस काढणे’ म्हणतो, आणि बऱ्याचदा त्याचा शेवट ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकणे’ यातच होतो.

या कामाची सुरुवात कुठून धरायची यावर मतभेद आहेत. बरेच जण अर्पानेटवर (इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क) आपोआप पसरणाऱ्या ‘क्रीपर’ या प्रोग्रॅमला (साधारण १९७१) हुडकून पुसणाऱ्या ‘रीपर’चं नाव घेतात, तो रे टॉमलिन्सन यांनी लिहिला असं मानतात, पण रीपर स्वतःच एका मशीनवरून दुसरीकडे फिरायचा, म्हणून त्याला अँटिव्हायरस म्हणणं जरा ओढूनताणून वाटतं. बर्न्ड फिक्स यांनी १९८७ मध्ये ‘व्हिएन्ना’ व्हायरस काढला, लोकांमध्ये खरोखर पसरलेला व्हायरस काढल्याची ती पहिली नोंद असावी, आणि सुरुवात तिथून धरावी हे मत जास्त पटतं.

पद्धतीच्या दृष्टीने मात्र लाहोरहून पसरलेला ‘ब्रेन’ (१९८६) जास्त महत्त्वाचा. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये (कंप्युटर सुरू होताना डिस्कवरचा सर्वात आधी वाचला जाणारा भाग) बसायचा, मूळ सेक्टर दुसरीकडे हलवून ती जागा खराब म्हणून दाखवायचा, आणि चालू असताना कोणी बूट सेक्टर वाचायला गेलं की हलवलेला मूळ सेक्टर पुढे करायचा, म्हणजे बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसणार! लागण झालेल्या सिस्टिमला तिच्याच तब्येतीबद्दल विचारून उपयोग नाही, हे तेव्हापासूनचं. म्हणूनच तेव्हा स्वच्छ फ्लॉपीवरून बूट करायचे, आता दुसऱ्या कंप्युटरवर बनवलेल्या पेनड्राइव्हवरून करतात किंवा विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू न करता होणारा) चालवतात.

नेट तोडणे, स्कॅन मारणे हे सगळ्यांना माहीत असतं. खरं काम पुढे आहे. फाइल डिलीट केली, रीस्टार्ट केलं आणि ती परत हजर, असं झालं तर तिला आणणारा दुसरा कोणीतरी शिल्लक आहे, तो रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) ‘रन’ की मध्ये, ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये, मागे चालणाऱ्या सर्व्हिसेसमध्ये किंवा ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमध्ये शोधावा लागतो. कधी मालवेअर जातं पण एकही साइट उघडत नाही, कारण प्रॉक्सी सेटिंग (नेटची ये-जा कोणामार्फत करायची ते) १२७.०.०.१ वर, म्हणजे आपल्याच कंप्युटरच्या पत्त्यावर राहिलेलं असतं आणि तिथे ऐकणारा प्रोग्रॅम तर आपणच काढलेला असतो. ते बंद केलं की नेट लगेच चालू.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून, आणि ते सगळं साफ व्हायची वाट न बघता. शिवाय सगळीकडून लॉगआउट करायचं, कारण चोरलेल्या कुकीजवर (लॉगिन लक्षात ठेवण्यासाठी साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) जुनं लॉगिन चालू राहू शकतं.

रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारं मालवेअर) काढलं तरी लॉक झालेल्या फाइल्स उघडत नाहीत. काही प्रकारांच्या चाव्या २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या वेबसाइटवर फुकट मिळतात, नाहीतर भिस्त बॅकअपवर.

फॉरमॅटलाही न जुमानणारे प्रकार क्वचित आढळतात. २०१८ मध्ये उघड झालेला ‘लोजॅक्स’ मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरच्या चिपमधला, कंप्युटर सुरू करणारा प्रोग्रॅम) बसायचा, तिथे हार्डडिस्क बदलूनही भागत नाही, फर्मवेअरच नव्याने टाकावं लागतं.