लस, ताप आणि भरवसा: उंडेऱ्यापासून चालत आलेला प्रश्न

लसीकरणाच्या बातम्या सध्या दोन उलट्या दिशांनी येताहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार भारतात पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लशीचा, पहिला डोससुद्धा न मिळालेली बाळं 2023 मध्ये 16 लाख होती, 2024 मध्ये ती 9 लाखांवर आली. एका वर्षात एवढी घट म्हणजे मोठंच काम झालं. त्याच सुमारास कॅनडासारख्या श्रीमंत देशानं नोव्हेंबर 2025 मध्ये गोवरमुक्त असल्याचा दर्जा गमावला. लस तीच, गुण तोच, मग एकीकडे चढ आणि दुसरीकडे उतार कसा? याची पाळंमुळं शोधायला आम्हा बडोदेकरांना फार लांब जावं लागत नाही. गोरव्याच्या पुढे उंडेरा आहे, तिथपर्यंत गेलं तरी पुरतं.

आज उंडेरा शहरातच जमा आहे. 1898 साली ते गायकवाडी मुलखातलं हजारभर वस्तीचं वेगळं गाव होतं आणि तिथे प्लेग शिरला होता. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली होती. मांसाच्या पातळ सुपात तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्या थेंबांखाली जंतूंच्या लोंबत्या वाती वाढू द्यायच्या, मग उष्णता देऊन ते जंतू मारायचे, अशी ती कृती. भायखळ्याच्या तुरुंगात लशीचा गुण दिसला होता, पण तुरुंग म्हणजे काही गाव नव्हे. गावात, माणसं एकाच छपराखाली, एकाच हवेत राहत असताना काय होतं, हे फेब्रुवारी 1898 मध्ये उंडेऱ्यात पाहिलं गेलं.

रीत अशी होती: एकेका घरातली माणसं एकत्र उभी करायची, शक्य तितके सारखे दोन भाग पाडायचे, एकाला टोचायचं, दुसऱ्याला नाही. गावातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना लस मिळाली. काही आठवड्यांनी डॉक्टर परत आले आणि घरोघर हिशेब मांडला. त्यानंतर 28 घरांत प्लेग झाला होता. त्या घरांतल्या टोचलेल्या 71 जणांपैकी 8 आजारी पडले, 3 दगावले. न टोचलेल्या 64 पैकी 27 आजारी पडले आणि 26 दगावले.

हे आकडे भराभर वाचून पुढे जाऊ नये. 64 पैकी 26. त्याच घरातले भाऊ, त्याच घरातल्या जावा. लशीचा एवढा स्वच्छ पुरावा त्या काळात क्वचितच कुणाकडे होता, आणि त्याची किंमत त्या 64 जणांनी मोजली. लशीचा गुण आधीच दिसलेला आणि प्लेग दारात उभा असताना अर्धं घर मुद्दाम वगळणं आज कुठलीही नीतीसमिती मान्य करणार नाही. आपल्या शहराच्या या वाट्याबद्दल अभिमान वाटावा तितकीच त्या माणसांची जाणही असावी, असं मला वाटतं.

पुरावा हाती आला म्हणून लोक रांगा लावतात असं नाही. उंडेऱ्याच्या आठच महिने आधी पुण्यात प्लेगचा बंदोबस्त पाहणारा इंग्रज अधिकारी रँड याचा खून झाला होता. प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर माजघरापर्यंत घुसले, माणसं उचलून नेली, सामान जाळलं, त्याचा तो स्फोट होता. सरकारी माणूस आणि सुई असं दोन्ही दिसलं की लोकांना धडकी भरायची. त्यात ही लस घेतल्यावर सणसणून ताप यायचा, दंड ठणकायचा, मजुरी बुडायची. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका दूषित बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वातानं गेले. बाटली एकच होती, पण बदनाम सगळी लस झाली. हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला जायला 1907 साल उजाडलं. ज्या परळच्या प्रयोगशाळेतून त्यांनी काम केलं तिला त्यांचं नाव मिळालं 1925 मध्ये.

देवीची गोष्ट त्याहून जुनी. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली यशस्वी देवीची लस टोचली गेली, आणि देशात देवीचा शेवटचा रोगी सापडला मे 1975 मध्ये. मध्ये पावणेदोनशे वर्षं गेली. बडोद्यात श्रावणात शीतळा सातम, म्हणजे देवीच्या रोगाची देवता मानलेल्या शीतळामातेचा सण, अजून पाळतात. त्या दिवशी चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं थंड जेवायचं. आमच्या मराठी घरांतही शेजारधर्मानं थेपले येतातच. ज्यांनी देवीला हात जोडले त्याच लोकांनी पुढे दंडावर देवी काढून घेतल्या. श्रद्धा आड येते हे विधान फार सोपं आहे. गावात येणारा माणूस ओळखीचा आहे का, उद्या ताप आला तर तो परत येईल का, हे लोक आधी पाहतात.

सरकारी योजनेची रूपरेषा थोडक्यात: 1978 मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम, 1985 मध्ये सार्वत्रिक लसीकरण, 1995 पासून पल्स पोलिओ, डिसेंबर 2014 मध्ये मिशन इंद्रधनुष. यातला पोलिओ सगळ्यात शिकवणारा. घरोघर फिरणाऱ्या बायका दारावर खडूनं खूण करायच्या, काम झालेल्या घराला ‘पी’, राहिलेल्याला फुली. मग सगळं बळ त्या फुलीच्या घरांवर लावायचं. 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात शेवटचा रोगी सापडला, मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

गुजरातचा आलेखही चढता आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 12 ते 23 महिन्यांच्या मुलांमधलं पूर्ण लसीकरण 2015-16 मध्ये 50 टक्क्यांच्या जेमतेम वर होतं, 2019-21 मध्ये ते 76 टक्क्यांवर गेलं. पण गोवरासाठी 76 पुरत नाहीत. गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या बारा-अठरा जणांना लागण देऊ शकतो, म्हणून 95 टक्के मुलांना दोन्ही डोस हवेत. ते राहिले की काय होतं, ते 2022 च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत गोवराच्या साथीत दिसलं.

राहिलेली मुलं कोणती? आमच्याकडे बुधवारी अंगणवाडीत ममता दिवस, म्हणजे आई-बाळांच्या तपासणीचा आणि लसीकरणाचा दिवस, भरतो. नर्सताई निळा डबा उघडतात, कुपीवरची खूण आधी पाहतात. गोलातला चौकोन गोलाइतका काळा झाला असेल तर ती लस बाद, म्हणजे वाटेत कुठेतरी तिला ऊन लागलं. गोवर-रुबेलाची कुपी पाच डोसांची, एकदा कालवली की चार तासांत संपवायची. एकच बाळ आलं असेल तरी कुपी उघडायची, असा नियम आहे, तरी वाया जाईल या धास्तीनं ‘पुढच्या बुधवारी या’ असं सांगण्याचा मोह होतो. आणि पुढच्या बुधवारी ती आई येईलच असं नाही. ती दाहोदकडून बांधकामावर आलेली असते, साइट बदलते, मुकादम बदलतो, लशींची नोंद असलेलं ममता कार्ड गावाकडच्या पेटीत राहतं. पेंटानंतर बाळ रात्रभर तापानं फणफणलं तर तिचा दुसऱ्या दिवसाचा रोज जातो. उंडेऱ्यातल्या शेतमजुराची अडचण हीच होती. म्हणूनच ताप येणार, तो एक-दोन दिवसांत उतरतो, पॅरासिटामॉल किती द्यायचं, हे टोचण्याआधी शांतपणे सांगणारी नर्सताई मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाची वाटते.

नव्या लशींची कमी नाही. पुण्यात बनणारी मलेरियाची आर-21 आफ्रिकेत दिली जाते आहे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची देशी लस आली आहे, डेंगीच्या देशी लशीची मोठी चाचणी 2024 पासून चालू आहे, आणि कोव्हिडच्या काळात कोव्हॅक्सिन इथून जवळच अंकलेश्वरलाही तयार झाली. बाळांना देतात ती क्षयावरची बीसीजी लस मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयाला पुरी पडत नाही, तिथे मात्र अजून वाट पाहणं आहे.

फिरत्या कुटुंबांसाठी आता यू-विन या सरकारी ऑनलाइन लसीकरण नोंदवहीत नोंद होते, त्यामुळे एक डोस दाहोदला आणि पुढचा बडोद्यात घेता येतो. साइटवरच, सुट्टीच्या वेळेला सत्र भरवलं तर आईचा रोज बुडत नाही; बिल्डरांनी त्यासाठी एक खोली आणि पंखा द्यायला काय हरकत आहे? आणि कार्ड हरवलं असेल तरी वयाप्रमाणे लस देता येते. कागद नाही म्हणून कुणी मुलाला परत पाठवत असेल तर ते नियमाला धरून नाही, हे बांधकामावरच्या प्रत्येक बाईला तिच्या भाषेत सांगायला हवं.