कपाळाचं नाक, पायाचा जबडा

अपघातात नाकाचा शेंडा गेला किंवा कॅन्सरमुळे काढावा लागला, तर प्लास्टिक सर्जन आजही आधी कपाळाकडे बघतात. कपाळाच्या कातडीचा रंग आणि जाडी नाकाशी बऱ्यापैकी जुळते, हे त्याचं एक कारण. त्याहून मोठं कारण म्हणजे भुवईच्या आतल्या टोकापासून सरळ वर चढणारी एक बारीक धमनी. तिला धरून कपाळाच्या कातडीचा उभा पट्टा कापायचा, वरच्या बाजूने सोडवायचा, भुवईपाशी देठ तसाच ठेवायचा आणि पट्टा फिरवून नाकावर शिवायचा. देठातून रक्त मिळत राहतं. साधारण तीन आठवड्यांत नाकाच्या कडांमधून पट्ट्यात नव्या रक्तवाहिन्या शिरल्या की देठ कापून टाकतात. तोवर भुवईपासून नाकापर्यंत मांसाचा पूल घेऊन वावरायचं. रुग्णाला हे आधी फोटो दाखवून समजावलेलं बरं, नाहीतर शुद्धीवर आल्यावर आरसा बघून धसका बसतो.

नुसती कातडी आणूनही भागत नाही. नाकाला आतून अस्तर हवं आणि मधे कूर्चेचा सांगाडा हवा. कूर्चा कानातून किंवा बरगडीतून घेतात. अस्तर न देता केलेली जुन्या काळची नाकं पुढे आक्रसत जायची.

ही युक्ती आपल्याकडची, हे आपण अभिमानाने सांगतो. तपशिलात थोडा फरक आहे. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीचं वर्णन आहे. कपाळाची पद्धत इंग्रजांना कळली ती १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आलेल्या एका पत्रामुळे. इंग्रजी फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने ते कपाळाच्या कातडीतून नव्याने केलं. मेणाचं नाक करून, ते सपाट करून कपाळावर माप आखायचं, इथपर्यंत बारकावे त्या पत्रात आहेत. ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ साली लंडनमध्ये पहिली शस्त्रक्रिया केली.

पण देठ जेवढा पोचेल तेवढंच क्षेत्र. छातीची कातडी गालावर हवी असेल तर काय करायचं? पहिल्या महायुद्धाने हा प्रश्न हजारोंच्या संख्येने समोर आणला. खंदकातून डोकं वर काढलं की गोळी किंवा तोफगोळ्याची कपची थेट चेहऱ्यावर. इंग्लंडमधल्या सिडकपच्या रुग्णालयात हॅरल्ड गिलीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांवर शस्त्रक्रिया केल्या. १९१७ साली भाजलेल्या एका खलाशावर काम करताना गिलीज यांच्या लक्षात आलं, की उचललेल्या कातडीच्या कडा आत वळताहेत. त्यांनी त्या शिवून नळीच केली. उघडं मांस झाकलं गेल्याने जंतुसंसर्ग टळला आणि देठ लांबही ठेवता आला. प्रतिजैविकं यायची होती, त्या काळात ही फार मोठी गोष्ट. ओडेसात व्लादिमिर फिलातोव्ह यांनी साधारण त्याच सुमारास हेच केलं होतं. उंटअळी जशी एक टोक रोवून दुसरं पुढे टाकते, तशी ही नळी टप्प्याटप्प्याने पोटावरून मनगटावर, मनगटावरून चेहऱ्यावर नेत. यात महिनेच्या महिने जात.

मोडलेल्या हाडांची तऱ्हा वेगळी. फ्रान्सच्या रेने ले फोर यांनी १९०१ साली मृतांच्या कवट्यांवर आघात करून दाखवलं, की चेहऱ्याचा मधला भाग ठरावीक तीन रेषांवरच मोडतो. आज सीटी स्कॅन बघून पहिली चर्चा याच रेषांची होते. जबडा बसवताना मात्र सर्जनची भिस्त दातांवर असते. वरचे-खालचे दात पूर्वीसारखे एकमेकांत बसले, की हाडंही जागेवर आली असं धरून टायटॅनियमच्या पट्ट्या स्क्रूने पक्क्या करतात.

इथे एक गोष्ट आईवडिलांनी लक्षात ठेवावी अशी. मूल डोळ्यावर पडतं किंवा चेंडू लागतो. डोळा लाल नसतो, सूज नावापुरती. पण मुलाला वर बघता येत नाही, उलट्या होतात, नाडी मंदावते. डोक्याला मार लागला असं समजून लक्ष तिकडेच जातं. प्रत्यक्षात डोळ्याखालचं पातळ, लवचीक हाड चिरून पुन्हा मिटलेलं असतं आणि डोळा हलवणारा स्नायू त्या फटीत अडकतो. त्याचं रक्त तुटतं. अशा वेळी दोन आठवडे वाट बघून चालत नाही, शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत व्हावी लागते.

देठाचं बंधन सुटलं ते १९७० च्या दशकात, सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडता येऊ लागल्यावर. कॅन्सरमुळे खालचा जबडा काढावा लागला, तर आज पोटरीतलं बाहेरचं बारीक हाड, फिब्युला, घेतात. शरीराचं वजन मुख्यतः शेजारच्या जाड हाडावर असल्याने माणूस नंतर चालू शकतो. हाड आपल्या धमनी-शिरेसकट काढायचं, तुकडे करून जबड्याच्या वळणात बसवायचं आणि दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिन्या केसाहून बारीक धाग्याने मानेतल्या वाहिन्यांना शिवायच्या. पुढे त्यात दातही रोवता येतात.

खरी धाकधूक त्यानंतर. पहिले एक-दोन दिवस नर्स तासातासाला हाडासोबत आणलेली कातडी तपासते. पांढरी आणि गार पडली तर धमनी तुंबली. निळी होऊन फुगली तर शीर तुंबली, आणि रुग्ण परत ऑपरेशन थिएटरमध्ये. शीर जोडणं शक्यच नसेल, तुटलेला कान परत शिवताना असं होतं, तर जळवा लावतात. त्यांच्या लाळेने रक्त गोठत नाही, साठलेलं रक्त झिरपत राहतं आणि तेवढ्या दिवसांत नव्या शिरा तयार होतात.

२००५ साली फ्रान्समधल्या आमियाँ इथे एका महिलेला मृत दात्याचं नाक, ओठ आणि हनुवटी बसवण्यात आली. रक्त लगेच खेळू लागलं. मज्जातंतू मात्र दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात, त्यामुळे तिला ओठ पूर्ण मिटायला दहा महिने लागले. दुसऱ्याचं मांस शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. त्यांनी जंतुसंसर्ग आणि कॅन्सर या दोन्हींचा धोका वाढतो. ज्याचा कॅन्सर नुकताच काढला आहे, त्याला म्हणूनच हा पर्याय सहसा देत नाहीत. त्याच्यासाठी स्वतःच्याच पायाचं हाड.