उतारवयातला टीएसएच: चढलेला आकडा आणि उतरलेला आकडा

पंच्याहत्तरीच्या आजींच्या रिपोर्टवर टीएसएच ६.४ येतो, पुढे ठळक अक्षरांत ‘हाय’ छापलेलं असतं आणि लगेच थायरॉईडची गोळी सुरू होते. फ्री टी-४, म्हणजे थायरॉईडचं रक्तातलं मोकळं संप्रेरक, नॉर्मल असेल, तर ही घाई बहुतेक वेळा अनाठायी ठरते.

टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचं संप्रेरक. थायरॉईडला कामाला लावणारं. टी-४ किंचित घसरला तरी टीएसएच कितीतरी पटींनी उसळतो. आजारातून उठताना तो तात्पुरता वाढतो. शिवाय वयानुसार त्याची पातळीच वर सरकते: लॅबची मर्यादा साधारण ०.४ ते ४ असली, तरी ऐंशीनंतर सातच्या आसपासचा आकडा निरोगी माणसांतही सापडतो.

नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ८५ वर्षांच्या ५९९ जणांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००४ साली निष्कर्ष आले, तेव्हा टीएसएच जास्त असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण उलट कमी दिसलं. टीएसएचमुळे आयुष्य वाढतं, असं यावरून म्हणता येणार नाही. पण तो खाली आणलाच पाहिजे, या समजाला त्याने धक्का दिला. गोळीचीही परीक्षा झाली. युरोपातल्या पासष्टीपुढच्या ७३७ जणांपैकी निम्म्यांना लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे हीच थायरॉईडची गोळी, आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषधाविना गोळी दिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत वर्षभरानंतर थकव्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. हृदयविकार किंवा मृत्यू टळतो का, हे ठरवायला मात्र ती अपुरी होती.

टीएसएच दहाच्या वर टिकून असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसतो, म्हणून उपचारांचा विचार व्हायलाच हवा.

खरी काळजी उतरलेल्या टीएसएचची करावी; तो बहुधा थायरॉईडचं संप्रेरक जास्त झाल्याची खूण असतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या १९९४ सालच्या अभ्यासात, साठीपुढच्या ज्या लोकांचा टीएसएच ०.१ किंवा त्याखाली होता, त्यांच्यात दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशनचं प्रमाण सुमारे तिप्पट आढळलं. यात हृदयाचे ठोके अनियमित होतात, गुठळी होऊन पक्षाघाताची भीती असते. हाडंही ठिसूळ होतात. टीएसएच इतका उतरण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे गोळीचा जादा डोस! पन्नाशीत ठरलेला डोस वजन घटल्यावरही तसाच चालू राहतो.

म्हणून वाढलेला टीएसएच पहिल्यांदा दिसला, की दोन-तीन महिन्यांनी फ्री टी-४ सोबत पुन्हा तपासावा. केस-नखांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर डॉक्टरांना सांगून ते निदान दोन दिवस आधी थांबवावं. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो. चालू गोळी स्वतःहून बंद करू नये. ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या ते एक तासानंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनंतर, नाहीतर औषध आतड्यात नीट शोषलं जात नाही; मग टीएसएच वाढलेला दिसतो आणि डोस विनाकारण वाढवला जातो. डोस बदलल्यावर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी टीएसएच स्थिरावलेला नसतो.