चकाकणाऱ्या बोल्टभोवतीची गंजाची कडी

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी माझा चुलतभाऊ आजोबांच्या काळातला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक पुन्हा उभा करत आहे. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले, त्यांपैकीच हा एक, पुढे आलेल्या गोल नाकाचा. त्याचे उभे आयुष्य जांभ्याचे चिरे वाहण्यात गेले. गेल्या वर्षी पत्र्याचे आणि रंगाचे काम उरकल्यावर भावाने जुने कुजलेले नटबोल्ट भंगारात काढले आणि हात पोहोचेल तिथे स्टेनलेस स्टीलचे बसवले. आता या गाडीला गंज शिवणार नाही, अशी त्याची खात्री होती.

एक पावसाळा गेला. परवा मी मडगार्डाखाली वाकून पाहिले तेव्हा बोल्टांची डोकी आरशासारखी स्वच्छ होती. पण जवळजवळ प्रत्येक वायसरच्या कडेला तांबूस गंजाची बारीक कडी उमटली होती आणि तिच्याभोवतीचा रंग फुगून पापडासारखा सुटला होता. मिस्त्रींनी खिशातला चुंबक बोल्टाला लावला, तो किंचित चिकटला, आणि त्यांनी निकाल दिला की माल बनावट आहे. भावाचे म्हणणे असे की बोल्ट खरे आहेत, रंगच हलका निघाला. मला दोन्ही निदाने चुकीची वाटली, आणि त्यामागचे विज्ञान इतके सुंदर आहे की ते सविस्तर सांगितल्यावाचून राहवत नाही.

लोखंडात वजनाने किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले की ते पोलाद ‘स्टेनलेस’ या नावाला पात्र होते. जर्मनीतल्या क्रुप कारखान्यातले श्ट्राउस आणि माउरर, तसेच शेफील्डचे हॅरी ब्रिअर्ली हे १९१२-१३ च्या सुमारास या पोलादापर्यंत पोहोचले. त्यातले क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी क्षणार्धात संयोग पावते आणि पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. त्याची जाडी एक ते तीन नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे तीस हजारावा भाग. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, पाणी धरून ठेवतो आणि खालचे लोखंड उघडे पाडत जातो. हा पापुद्रा मात्र घट्ट, अखंड आणि पारदर्शक असतो, आणि ओरखडा पडला तर हवा असेपर्यंत आपोआप भरून येतो. स्टेनलेस बोल्टाचे बहुतेक गुण आणि दोष या एका पापुद्र्यातून निघतात.

चुंबकाचे आधी सांगून टाकतो, कारण भांड्यांच्या दुकानापासून गॅरेजपर्यंत ही कसोटी वेदवाक्य मानली जाते. अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असलेले ‘३०४’ जातीचे पोलाद मुळात चुंबकाला दाद देत नाही. पण बोल्टाचे डोके थंड अवस्थेत ठोकून घडवताना आणि आटे दाबून पाडताना त्याच्या स्फटिकांची रचना काही ठिकाणी बदलते आणि तो भाग चुंबकीय होतो. चुंबक किंचित चिकटला एवढ्यावरून बोल्ट बनावट ठरत नाही.

आता त्या कडीकडे येऊ. खाऱ्या पाण्यात प्रत्येक धातूचे स्वतःचे असे एक विद्युत विभव असते. जस्त सर्वांत चटकन झिजणाऱ्यांत येते, साधे पोलाद मधे कुठेतरी, आणि पापुद्रा शाबूत असलेले स्टेनलेस तांब्याच्याही पलीकडे. साधे पोलाद आणि स्टेनलेस यांच्यातला फरक सुमारे अर्ध्या व्होल्टचा भरतो. हे दोन धातू एकमेकांना टेकले आणि दोघांवर मिळून खाऱ्या पाण्याचा थर बसला की आपण शाळेत लिंबात तांबे आणि जस्त खुपसून केला होता तसाच विद्युतघट तयार होतो. कोकणात पावसाच्या झडीबरोबर आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर क्षार येतातच, त्यामुळे द्रावणाची वाण पडत नाही. या घटात साधे पोलाद ॲनोड, म्हणजे झिजणारे टोक, होते, त्याचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात; ते इलेक्ट्रॉन धातूतून स्टेनलेसकडे, म्हणजे कॅथोड या दुसऱ्या टोकाकडे, जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूच्या स्वाधीन होतात. झिजतो तो पत्रा, आणि बोल्ट नुसता बसून राहतो.

या प्रक्रियेची किंमत ब्रिटिश नौदलाने फार पूर्वी मोजली. ‘अलार्म’ या लढाऊ जहाजाच्या लाकडी तळाला १७६१ मध्ये तांब्याचे पत्रे मढवले होते. सुमारे दोन वर्षांनी पाहिले तर पत्रे ठीक होते, पण त्यांना टेकलेले लोखंडी खिळे अनेक ठिकाणी पार खाल्ले गेले होते. काही खिळे मात्र धडधाकट सापडले, आणि त्या ठिकाणी पत्र्यांच्या वेष्टनाचा तपकिरी कागद मधे तसाच राहून गेला होता. व्होल्टाची विद्युतघटमाला तयार व्हायला अजून जवळजवळ चाळीस वर्षे होती, पण विद्युतरोधक वायसरचा शोध त्या कागदाने लावून दिला होता.

‘अलार्म’च्या खिळ्यांचे हाल एवढे का झाले? कारण ॲनोड चिमुकला आणि कॅथोड अवाढव्य होता. या घटात प्रवाह किती वाहणार हे बहुतांशी कॅथोडचे क्षेत्रफळ ठरवते, कारण प्राणवायू तिथे जेवढा पोहोचेल तेवढेच इलेक्ट्रॉन खपतात. आणि तो सगळा प्रवाह ॲनोडला पुरवावा लागतो, मग तो मोठा असो वा लहान. मोठा ॲनोड आणि लहान कॅथोड असेल तर झीज इतकी पसरते की ती नगण्य होते. मोठ्या पोलादी पत्र्यात छोटा स्टेनलेस बोल्ट चालतो, असे सांगितले जाते ते याच आधारावर, आणि उघड्या पत्र्याच्या बाबतीत ते खरेही आहे.

आपला पत्रा मात्र उघडा नाही, त्यावर रंग आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. रंग विद्युतरोधक असतो, म्हणून रंगाखालचा पत्रा घटात भागच घेत नाही. बोल्ट आवळताना वायसर फिरते, तिच्या कडेला रंग खरवडला जातो आणि केसाएवढी पोलादाची रेघ उघडी पडते. आता ॲनोड फक्त तेवढी रेघ, आणि कॅथोड म्हणजे संपूर्ण वायसर व बोल्टाचे डोके. थोडे गणित करू. चोवीस मिलिमीटर व्यासाच्या वायसरचे वरचे क्षेत्रफळ सुमारे साडेचार चौरस सेंटिमीटर. त्यावर दर चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोअँपिअर इतकाच प्रवाह खपतो, असे समजा. प्रवाहावरून झीज सांगणाऱ्या फॅरडेच्या नियमानुसार एक मायक्रोअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर या दराने लोखंड वर्षाला सुमारे ०.०११६ मिलिमीटर झिजते. हा साडेचार मायक्रोअँपिअरचा प्रवाह ४५० चौरस सेंटिमीटर उघड्या पत्र्यावर वाटला गेला, तर वर्षाला मिलिमीटरचा दहा हजारावा भाग झिजेल, जो कोणाच्या लक्षातही येणार नाही. तोच प्रवाह साडेचार चौरस मिलिमीटरच्या ओरखड्यातून काढला, तर झिजेचा दर त्याच्या दहा हजार पट होतो: वर्षभर ओले राहिल्यास एक मिलिमीटरहून अधिक. मडगार्डाचा पत्रा साधारण तेवढाच जाड असतो.

कडी वायसरला चिकटून का उमटते, याचेही उत्तर यात आहे. जहाज समुद्रात बुडालेले असते, म्हणून प्रवाह लांबवर पोहोचतो. ट्रकवर पाण्याचा पातळ थर असतो, त्याचा विद्युतरोध मोठा, त्यामुळे घटाचा प्रभाव काही मिलिमीटरांतच संपतो.

यातून जो उपाय निघतो तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटा वाटतो: दोन धातूंपैकी एकालाच रंग लावता येणार असेल, तर तो न गंजणाऱ्याला लावावा. बोल्टाचे डोके रंगाखाली गेले की कॅथोडच नाहीसा होतो, आणि पत्र्यावर एखादा ओरखडा असला तरी त्याला साध्या गंजापलीकडे भीती उरत नाही. चमक दाखवण्यासाठीच स्टेनलेस बसवायचे असेल, तर डोक्याखाली आणि नटाखाली नायलॉनची वायसर, भोकात नायलॉनची नळी, आणि कडेने पाणी शिरू नये म्हणून सीलंट, एवढे सगळे केले पाहिजे. यातली नळी विसरली तर बाकीचे व्यर्थ, कारण बोल्टाचा दांडा भोकाच्या कडेला एकदा जरी टेकला तरी घट पूर्ण होतो.

हौद्याच्या लाकडी फळ्यांत बसवलेल्या बोल्टांची गोष्ट वेगळी आहे. ओल्या लाकडात, चिखलाखाली किंवा वायसरखालच्या फटीत प्राणवायू संपतो आणि पापुद्र्याला भरून यायला काही उरत नाही. क्लोराइड आयन आत जमतात, तिथले पाणी आम्लधर्मी होते आणि खुद्द स्टेनलेसला खड्डे पडतात. दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असलेली ‘३१६’ जात इथे अधिक तग धरते. बोल्टाच्या डोक्यावर ‘ए४’ अशी खूण असेल तर तो या जातीचा. ‘ए२’ म्हणजे ३०४ च्या वर्गातला. समुद्राजवळच्या गाडीसाठी मी ए४ वर पैसे खर्च करीन.

काही डोक्यांवर मात्र तीळभर गंजाचे ठिपके होते, ते मात्र साध्या पोलादाच्या पान्याने आणि तारेच्या ब्रशाने मागे सोडलेल्या लोखंडाच्या कणांचे. कारखान्यात असे कण काढून पापुद्रा पुन्हा नीट बसवण्यासाठी सायट्रिक आम्ल वापरतात, म्हणजे लिंबात असते तेच आम्ल. आमच्याकडे याच ट्रकच्या बंपरला दर शनिवारी लिंबू-मिरची टांगली जाई. रात्रीच्या घाटरस्त्यावरच्या चालकाची भीती मी समजू शकतो, पण त्या लिंबातून ओवलेली लोखंडी तार आठवड्याभरात गंजून काळी पडत असे, हेही मी लहानपणी पाहिले आहे. लिंबातल्या आम्लाची शक्ती खरी आहे. ती बोल्टाला प्रत्यक्ष लावल्यावरच कामी येते.

पापुद्र्याचा आणखी एक स्वभाव भावाला फार महागात पडला. स्टेनलेसचा नट हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्याने आवळताना मधेच थांबला, मग पुढेही जाईना आणि मागेही येईना. शेवटी बोल्ट कापावा लागला. आटे एकमेकांवर दाबून घासले गेले की उंचवट्यांवरचा पापुद्रा खरवडतो, आणि फटीत हवा नसल्यामुळे तो पुन्हा धरत नाही. मग उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि दोन्ही जागच्या जागी सांधले जातात; वितळल्याशिवाय झालेले वेल्डिंगच ते. हे पोलाद उष्णता साध्या पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश वेगाने वाहून नेते आणि तापल्यावर दीडपट प्रसरण पावते, त्यामुळे घाईने आवळलेला नट अधिकच धरतो. म्हणून आटे स्वच्छ करून निकेल किंवा मॉलिब्डेनमयुक्त पेस्ट लावावी आणि हाताच्या पान्याने सावकाश आवळावे. पेस्टमुळे घर्षण घटते, तेव्हा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोरही, त्या मानाने कमी ठेवावा, नाहीतर बोल्ट ताणला जातो.

ताणाचा विषय निघालाच आहे, तर सर्वांत गंभीर गोष्ट सांगतो, कारण तिथे प्रश्न रंगाचा नसून जिवाचा आहे. बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग. तिच्या ताणामुळे दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. भंगाराच्या डब्यात मला या ट्रकचा एक मूळ बोल्ट सापडला, त्याच्या डोक्यावर ‘८जी’ अशी जुन्या जर्मन पद्धतीची खूण होती. आजच्या भाषेत ती ताकदीची ८.८ श्रेणी. बारा मिलिमीटरचा असा बोल्ट सुमारे पाच टन ओढ सोसून पुन्हा मूळ लांबीवर येतो. ए२-७० खुणेचा स्टेनलेस बोल्ट चार टनांच्या आतच कायमचा लांबतो, आणि ए२-५० वर्गाचा मऊ बोल्ट तर पावणेदोन टनांच्या आसपास. लांबलेला बोल्ट ढिला होतो आणि ढिल्या बोल्टाला प्रत्येक हादऱ्याचा मार बसतो. तो एक दिवस थकून तुटतो, आणि तुटलेल्या तोंडावर गंजाचा लवलेशही नसतो. हा ट्रक बनला तेव्हा स्टेनलेस चाळीस वर्षांचे झाले होते. तरी बनवणाऱ्यांनी इथे ते वापरले नाही. किंमत हे एक कारण असेलच, पण स्प्रिंगच्या पाट्यांच्या यू-बोल्टला, चाकाच्या स्टडला, स्टिअरिंगला आणि ब्रेकच्या जोडणीला दुकानातला चकचकीत बोल्ट लावणे आजही मला अक्षम्य वाटते.

भावाने आता दोन डबे केले आहेत. मडगार्ड, दिव्यांच्या चौकटी, नंबरपाटी आणि केबिनच्या आतले भाग यांसाठी ए४ चे बोल्ट, नायलॉनच्या नळ्यांसह. आणि पाटे, स्टिअरिंग, इंजिनाचे माउंटिंग यांसाठी ८.८ आणि १०.९ श्रेणीचे, मूळ खुणेशी ताडून घेतलेले. फाळक्याच्या बिजागऱ्यांवर मात्र आमचा वाद चालू आहे. ते बोल्ट पावसात उघडे असतात, समोरून दिसतात आणि चिऱ्यांचा धक्काही तेच सोसतात. मी जस्तात बुडवून काढलेले ८.८ चे बोल्ट सुचवले आहेत, कारण जस्त पत्र्याच्या आधी स्वतः झिजते. त्यांचा करडा, खडबडीत रंग त्याला पसंत नाही.