जुन्या मोटारीचे गंजलेले मागील सस्पेन्शन व सायलेन्सर : जीर्णोद्धार

वापराने व पावसापाण्याने गंजलेल्या जुन्या मोटारीच्या मागील चाकांना शरीराशी जोडणारे भाग, तसेच इंजिनाचा धूर मागे वाहून नेणारी नळी, ही दोन्ही सोडवून, तपासून, साफ करून व गरजेप्रमाणे बदलून पुन्हा बसवण्याचे काम म्हणजे हा जीर्णोद्धार होय. गॅरेजच्या बोलीत इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डपासून मागच्या तोंडापर्यंतच्या संपूर्ण नळीलाच सायलेन्सर म्हणतात आणि या नोंदीतही तो शब्द त्याच अर्थाने घेतला आहे. दोन्ही भाग शेजारी असतात, गाडी एकदा वर चढवली की दोन्हींना हात घालता येतो, म्हणून ही कामे एकत्र केली जातात. परंतु त्यांना लागणारा गंज दोन उलट दिशांनी चालतो. सस्पेन्शन बाहेरून आत गंजते, तर सायलेन्सर आतून बाहेर. हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच बरेचदा वरून काळा रंग मारलेली चकचकीत नळी पुढच्या पावसाळ्यात चाळणी होते.

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर दिसणार नाही असा पाण्याचा थर धरतो आणि क्रिया सुरू होते. क्षार मिसळले की तिचा वेग वाढतो. तयार होणारा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगतो, रंगाला उचलतो, दोन पत्र्यांच्या जोडात शिरला तर ते पत्रे एकमेकांपासून दूर लोटतो. शिवाय तो सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवतो. म्हणूनच गंजावर मारलेला रंग गंजाला थांबवत नाही, त्याला झाकून ओलावा आत कोंडतो.

या नोंदीत डोळ्यांपुढे ठेवलेले नाशिक समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर असल्याने कोकणातल्या किंवा मुंबईतल्या गाडीइतकी येथली गाडी लवकर गंजत नाही. मुंबईहून विकत आणलेल्या जुन्या गाडीची खालची बाजू यासाठीच आधी विजेरी लावून बघावी, बैठका आणि रंग नंतर. तरीही जिल्ह्याच्या आत फरक मोठे आहेत. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर सुमारे ४५ किलोमीटरवरच्या इगतपुरीत ३,००० मिलिमीटरच्या आसपास; रोज कसारा घाट चढउतार करणारी किंवा त्र्यंबकेश्वरच्या बाजूला राहणारी गाडी चार महिने ओलीच असते. निफाड-दिंडोरीकडची काळी चिकण माती चाकांच्या मागच्या पोकळीत, पाट्यांच्या (स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या थप्पीच्या) बगलेत आणि स्प्रिंगच्या वाटीत थापली जाते व पाऊस उघडल्यावरही आठवडेच्या आठवडे ओल सोडत नाही. गोदाघाटावर उभ्या केलेल्या गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. दुतोंड्या मारुतीच्या अंगाला पाणी लागले की नदीची पातळी शहराला कळते, पण त्या पाण्यात चाकांपर्यंत बुडालेल्या गाडीच्या पोकळ आडव्या भागांत शिरलेला गाळ कुणाला दिसत नाही, आणि तो गाळ धुऊन काढला नाही तर गंज आतून सुरू होतो.

द्राक्षबागांच्या कामाला लावलेल्या जीप, ओम्नी व पिकअप गाड्यांच्या बाबतीत एका कारणाकडे विशेष लक्ष द्यावे लागते, ते म्हणजे मोरचूद. मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण नीट झाले की नाही हे पाहण्यासाठी बागाईतदार त्यात लोखंडी विळा किंवा खिळा बुडवतो. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजतो. तो तांबूस थर म्हणजे लोखंडावर बसलेले तांबे, आणि जितके तांबे बसले त्या प्रमाणात लोखंड विरघळलेले असते. फुटक्या गोणीतली किंवा हिंदकळलेल्या ड्रममधली मोरचूद गाडीच्या मागच्या पत्र्यावर सांडली की हीच परीक्षा गाडीच्या चॅसीवर (लोखंडी सांगाड्यावर) रोज चालू राहते. पोटॅशच्या खतातील क्लोराइडही गंजाचा वेग वाढवते. अशा गाडीचा मागचा भाग सोडवण्यापूर्वी साध्या पाण्याने भरपूर धुणे ही कामाची पहिली पायरी आहे.

काय सोडवायचे ते गाडीच्या रचनेवर ठरते. अ‍ॅम्बॅसिडर, प्रीमियर पद्मिनी, ओम्नी, जिप्सी आणि महिंद्रच्या जुन्या जीप यांना मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल व पाटे असतात. पाटा एका टोकाला पिनने व दुसऱ्या टोकाला शॅकल नावाच्या झुलत्या कडीने चॅसीला धरलेला असतो आणि मध्ये यू-बोल्टांनी अ‍ॅक्सलला आवळलेला असतो. १९८६ साली आलेल्या नव्या रूपाच्या मारुती ८०० मध्ये व नंतरच्या झेनमध्ये मागे अखंड अ‍ॅक्सलच आहे, पण पाट्यांऐवजी गुंडाळी स्प्रिंग, ट्रेलिंग आर्म (आस शरीराशी धरणारा लांब दांडा) आणि आडवा रॉड आहे. पाट्यांच्या गाडीत गंज पाट्यांच्या मधल्या फटींत आणि शॅकलच्या मुळाशी बसतो. स्प्रिंगच्या गाडीत तो स्प्रिंगच्या खालच्या वाटीत आणि आर्म जेथे शरीराला जोडला जातो त्या पत्र्यात बसतो.

तपासणीचे खरे काम पत्रा आणि सुटे भाग यांच्यात फरक करण्याचे आहे. शॉकअप (धक्के शोषणारा दांडा), बुश (जोडातले रबरी नळकांडे), पाटा, नळी हे सारे विकत मिळते. परंतु ज्या पत्र्याला ते धरलेले असतात तो पत्राच खाल्ला गेला असेल तर नवे भाग हवेत लटकल्यासारखे आहेत. म्हणून आधी आर्मच्या, शॅकलच्या व शॉकअपच्या वरच्या जोडाजवळचा पत्रा टोच्याने दाबून पाहतात. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर चांगला पत्रा खणखणतो आणि खाल्लेला पत्रा बद्द आवाज देतो. टोच्या आत गेला, तर तेथे रंग नव्हे, कापून नवा पत्रा जोडण्याचे काम आहे. नुसता तपकिरी थर, जो वायर ब्रशने निघून खाली सलग धातू दिसतो, तो वरवरचा गंज. पोपडे धरून सुटणारा आणि खाली खड्डे ठेवणारा गंज वेगळा. आर्मवर थोडे खड्डे चालतात, स्प्रिंगवर मात्र चालत नाहीत, कारण सतत वाकणाऱ्या पोलादात तडा अशाच खड्ड्यातून सुरू होतो. खड्डे पडलेली स्प्रिंग साफ करून रंगवण्यापेक्षा जोडीने बदलणेच योग्य आहे.

गाडी उचलताना मागची चाके मोकळी करून वजन लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर), चॅसीच्या मजबूत जागी घ्यावे आणि पुढच्या चाकांना ओट लावावी. विटांची चळत किंवा नुसता जॅक यांच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. सर्व जोडांवर आदल्या दिवशीपासून गंज सोडवणारे तेल दोनतीनदा सोडून ठेवले की निम्मे बोल्ट पान्याला मान देतात. उरलेल्यांसाठी गॅसची ज्योत लावून नट लाल करणे ही जुनी रीत आहे आणि ती लागू पडते, कारण तापलेला नट फुगून गंजाची पकड मोडतो. मात्र पेट्रोलची टाकी, तिची रबरी नळी आणि ब्रेकचे पाइप याच भागात असतात, बऱ्याच गाड्यांत सीएनजीचा सिलिंडरही. टाकी उतरवल्याशिवाय तेथे ज्योत नेऊ नये. अशा जागी ग्राइंडरने किंवा छिन्नीने नट चिरून बोल्टच नवा घालणे स्वस्त पडते, परंतु ठिणग्यांचीही तीच भीती असल्याने टाकीजवळ करवतच बरी. ब्रेकच्या पाइपांवर खड्डे असतील तर तेही याच वेळी बदलतात.

निघालेले भाग साफ करण्याच्या रीती अनेक आहेत. मोठ्या भागांसाठी अंबड व सातपूर औद्योगिक वसाहतींच्या परिसरात ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगचे काम करणारे छोटे कारखाने आहेत. महिंद्रसारख्या वाहन कारखान्याभोवती वाढलेल्या वसाहतीचा हा फायदा नाशिककरांना मिळतो. ब्लास्टिंग शक्यतो पोलादी कणांनी करून घ्यावे, कारण वाळूच्या बारीक धुळीने काम करणाऱ्याच्या फुप्फुसांना सिलिकोसिस होतो. छोट्या भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तो भाग बारा व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला आणि एखादा भंगार पत्रा धन टोकाला जोडून गंज सोडवता येतो. यात हायड्रोजन निघत असल्याने ते उघड्यावर करावे, धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, आणि स्प्रिंग, पाटे वा कणखर बोल्ट कधीही त्यात टाकू नयेत, कारण हायड्रोजन त्यांत शिरून त्यांना ठिसूळ करतो. जेथे ब्रश पोचत नाही तेथे फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाचे द्रावण लावतात. टॅनिक आम्लाने गंज काळानिळा होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई करत, त्यातली रासायनिक क्रियाही हीच.

पाट्यांची थप्पी सेंटर बोल्ट काढून मोकळी करावी लागते. बोल्ट सोडताना ती फाकते, म्हणून आधी ती शिकंज्यात धरतात. प्रत्येक पान साफ करून, तडा पाहून, मध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस लावून पुन्हा आवळतात. बसलेले पाटे ठोकून पुन्हा कमान देणारे कारागीर आजही मिळतात. थंड असतानाच ठोकून दिलेली कमान पोलादाचे पाणी राखते, पण भट्टीत लाल करून नुसती हवेत निववलेली कमान थोड्याच दिवसांत बसते. तापवले तर तेलात विझवून पुन्हा बेताने तापवण्याची पूर्ण क्रिया हवी. पाट्याला, स्प्रिंगला किंवा शॉकअपला वेल्डिंग करू नये. यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असल्याने ते नवेच घालतात.

बुश बसवतानाची एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगितली पाहिजे. गाडी घोड्यांवर असताना अ‍ॅक्सल खाली लोंबतो. त्या स्थितीत आर्मचे किंवा शॅकलचे बोल्ट पूर्ण आवळले, तर बुशातले रबर त्या लोंबत्या कोनात धरले जाते, आणि गाडी जमिनीवर येताच पिळले जाऊन पिळलेलेच राहते. असे नवे बुश काही महिन्यांत फाटतात आणि दोष मात्र बुशाला दिला जातो. बोल्ट आधी हातानेच लावावेत, गाडीचे वजन चाकांवर द्यावे, मागे दाबून दोनदा हलवावे आणि मगच शेवटचा आवळ द्यावा.

सायलेन्सरचा गंज आतून येतो तो पेट्रोलच्याच पाण्यामुळे. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. नळी पुरती तापली तर ही वाफ बाहेर जाते. पण कॉलेज रोडवरून गंगापूर रोडला जाऊन परतणाऱ्या गाडीची नळी तापण्यापूर्वीच इंजिन बंद होते, वाफेचे पाणी होऊन ते धुरातील आम्लांसह मागच्या डब्यात साचते. इंजिनापासून सर्वांत दूर आणि सर्वांत थंड तो डबाच असल्याने तो आधी फुटतो. म्हणून लांब पल्ल्याच्या गाडीचा सायलेन्सर जास्त टिकतो. काही डब्यांना तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक भोक असते. ते फुटके समजून झाळू नये.

फुटलेली जागा इंजिन थंड असताना शोधतात : एकाने गाडी सुरू करून मागचे तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबायचे आणि दुसऱ्याने बाजूने फुसफुस कोठे येते ते ऐकायचे. जोडांजवळचा काजळीचा काळा फराटाही जागा दाखवतो. भोकाभोवतीचा पत्रा जाड असेल तरच ठिगळ टिकते, नाहीतर वेल्डिंगची ठिणगी पडताच भोक मोठे होत जाते आणि कारागीर कागदाला शिवण घालत बसतो. अशा वेळी पुढची चांगली नळी ठेवून मागचा डबा नवा घ्यावा. अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेले पोलाद साध्या पत्र्यापेक्षा, आणि स्टेनलेस स्टील त्याहून अधिक टिकते. लटकवणारी रबरे, जोडांचे पॅकिंग व नट-बोल्ट नवे घालावेत; तुटक्या रबरामुळे लोंबणारी नळी गतिरोधकावर आपटून दुसरीकडे फाटते. धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, जो १९९५ पासून महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना बंधनकारक झाला, तो कापून जागी साधी नळी घालण्याचा सल्ला कुठे मिळाला तर तो मानू नये. फुटक्या सायलेन्सरकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि गंजलेल्या तळातून तो काचा बंद असलेल्या गाडीत शिरतो.

रंगाचे काम नाशिकमध्ये दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत करावे. निफाडला पारा दहाच्या खाली जातो अशा थंडीच्या रात्री इपॉक्सी प्रायमर वाळत नाही, म्हणून ते दुपारी मारतात. उघड्या धातूवर जस्ताचा किंवा इपॉक्सी प्रायमर, वर काळा रंग आणि पोकळ भागांत मेण, हा क्रम चांगला. डांबरी लेप केवळ निखळ साफ पत्र्यावर द्यावा व पाणी निघण्याची भोके बुजवू नयेत. सर्व्हिसिंगनंतर खालून डिझेल किंवा जुने ऑइल फवारण्याची पद्धत गंज थोडा रोखते हे खरे, पण त्याने बुशांचे रबर फुगून खराब होते. सायलेन्सरला उष्णता सोसणारा रंगच लागतो, आणि तो फक्त बाहेरची बाजू राखतो.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते व त्यानंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. पेठ रोडवरील परिवहन कार्यालयात गाडी नेण्यापूर्वी बहुतेक मालक हे काम हाती घेतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार आवाज कमी करणारा सायलेन्सर बंधनकारक आहे. काम झाल्यावर पाचेकशे किलोमीटर चालवून यू-बोल्ट, आर्मचे बोल्ट आणि सायलेन्सरचे जोड पुन्हा आवळतात. पहिला पावसाळा सरला की चाके काढून स्प्रिंगच्या वाट्यांतली आणि पाट्यांच्या बगलेतली माती बोटाने उकरून धुतात आणि जेथे रंग उडाला असेल तेथे त्याच दिवशी प्रायमर लावतात.