निर्यात शुल्क आणि एमईपी: बांगलादेश सीमेवर कांदा नेमका कशाने अडतो

‘कांद्यावर ४० टक्के लावले’ आणि ‘कांद्याला ५५० डॉलर लावले’ ही दोन वाक्ये बाजार समितीच्या आवारात एकाच दमात बोलली जातात आणि दोन्हींचा अर्थ ‘निर्यात रोखली’ असाच घेतला जातो. प्रत्यक्षात दोन्हींचे काम वेगळे आहे. शुल्क पैसे घेते आणि माल सोडते. किमान निर्यात मूल्य, म्हणजेच एमईपी, एक रुपयाही घेत नाही, पण ठरलेल्या दराखालच्या मालाला सीमा ओलांडू देत नाही. लासलगाव-पिंपळगावचा भाव किती पडणार आणि पश्चिम बंगालमधल्या महदीपूर, घोजाडांगा, हिली या नाक्यांवर किती ट्रक उभे राहणार, हे यातले नेमके काय लागले आहे त्यावर ठरते.

शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालय काढते, एमईपीची वाणिज्य मंत्रालयाखालचे डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय. गेल्या काही वर्षांत दोन्ही आलटून पालटून आणि एकत्रही लागले. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क आले. २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर एमईपी जाहीर झाली. डिसेंबरमध्ये सरळ निर्यातबंदीच झाली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर एमईपी आणि ४० टक्के शुल्क दोन्ही लागले. १३ सप्टेंबर २०२४ ला एमईपी गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. ते २० टक्के १ एप्रिल २०२५ पासून हटले.

आता हिशेब. समजा, बांगलादेशचा आयातदार सीमेवर किलोला ३६ रुपये द्यायला तयार आहे. गोणी, हमाली, निवड, घट आणि नाशिकपासून सीमेपर्यंतचे ट्रकभाडे मिळून ९ रुपये धरू. शुल्क नसेल तर निर्यातदाराला बाजार समितीत २७ रुपयांपर्यंत, म्हणजे क्विंटलला २७०० पर्यंत बोली लावता येते. ३६ च्या बिलावर २० टक्के शुल्क लागले की ७.२० जातात, बोली १९८० वर येते. ४० टक्के लागले की १४.४० जातात, उरतात १२६०. आयातदार वाढीव भाव द्यायला तयार झाला तर यातला काही भार तिकडे सरकतो. पण तोच कांदा त्याला दुसऱ्या देशातून मिळत असेल तर सगळा भार मागे शेतकऱ्याकडे येतो. माल मात्र जातो, कमी भावाने का होईना.

एमईपीचे गणित असे चालत नाही. टनाला ५५० डॉलर गुणिले २०२४ मधला ८३.५ रुपयांचा दर, भागिले हजार, म्हणजे किलोला साधारण ४६ रुपये. आयातदार ३६ देतो आहे, तर त्या दराने एक गोणीही जाणार नाही. पण बाहेरचा भाव ५० असेल तर एमईपी असून नसल्यासारखीच. म्हणून एमईपीची बातमी आली की पहिले काम हेच: तिचे किलोमागे रुपये काढा, खर्च वजा करा आणि उरलेला आकडा आपल्या बाजार समितीच्या दराशी ताडून पाहा. ४६ मधून ९ गेले, ३७ राहिले, म्हणजे क्विंटलला ३७००. बाजारात दर याच्या वर असेल तर एमईपीने काही अडत नाही. खाली असेल तर स्वस्त प्रतीचा माल आधी अडतो. शुल्क टक्क्यांत असल्याने गोल्टीवर, म्हणजे बारीक कांद्यावर, कमी आणि मोठ्या कांद्यावर जास्त बसते. एमईपी मात्र सगळ्या प्रतींना एकच, त्यामुळे आखाताकडे जाणारा निवडक कांदा सुटतो आणि बांगलादेशकडे जाणारा स्वस्त माल मार खातो. आमच्या मते एमईपीचा सर्वांत अन्यायकारक भाग हाच आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते.

दोन्ही एकदम लागले की ५५० च्या बिलावर आणखी २२० डॉलर शुल्क, म्हणून त्या काळी व्यापारी ७७० चा हिशेब सांगत. सप्टेंबर २०२४ मध्ये एमईपी उठल्याचे स्वागत झाले, पण त्या सुमारास लासलगावचा दरच चार हजारांच्या आसपास होता. चार हजारांचा कांदा खर्चासह सीमेवर ४९ रुपयांना पडतो; ४६ ची एमईपी त्याला आधीच अडवत नव्हती. खरा दिलासा होता शुल्क निम्मे झाल्याचा, ४९ च्या बिलावर किलोमागे ९ रुपये ८० पैसे.

सीमेवर हा फरक तारखेवरून कळतो. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे निर्यात शुल्काचा दर लागतो तो माल बाहेर नेण्याचा अंतिम आदेश, म्हणजे लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, मिळते त्या दिवसाचा. सौदा कधी झाला, ट्रक कधी निघाला, शिपिंग बिल कधी भरले, याला महत्त्व नाही. १९ ऑगस्ट २०२३ हा शनिवार होता. त्या दिवशी जे ट्रक वाटेत होते किंवा महदीपूरच्या पार्किंगमध्ये रांगेत होते, त्यांचा भाव शुल्क नसताना ठरलेला होता आणि कर मात्र ४० टक्के भरायचा होता. एमईपीच्या अधिसूचनेत सहसा थोडी सूट असते: अधिसूचनेपूर्वी सीमाशुल्काच्या ताब्यात देऊन त्यांच्या यंत्रणेत नोंदवलेला माल जुन्या अटींवर जाऊ शकतो. पण वाटेत धाब्यावर थांबलेल्या ट्रकला ती सूट नाही. वर आयातदाराचे पतपत्र, म्हणजे पैसे देण्याची त्याच्या बँकेची हमी, जुन्या दराने उघडलेले असते. ते बँकेतून नव्या दराने सुधारून येईपर्यंत दिवस जातात आणि ताडपत्रीखाली गोण्यांना घाम सुटतो. एक कुजलेला कांदा शेजारच्यांना ओला करतो. मग गोण्या फोडून, निवडून, उरलेला माल मालदा किंवा बशीरहाटच्या बाजारात मिळेल त्या दराने काढावा लागतो. तिथल्या हमालांना आणि क्लिअरिंग एजंटांना काम ट्रकच्या संख्येवर मिळते, कांद्याच्या भावावर नाही. त्यामुळे शुल्कात ते तग धरतात, पण एमईपीने वाट अडली की त्यांची रोजीच बुडते. बंदीच्या काळात मार्च २०२४ मध्ये बांगलादेशला ५० हजार टन कांदा देण्याची परवानगी मिळाली, पण ती एनसीईएल या सहकारी संस्थेमार्फत. खासगी निर्यातदार आणि त्यांच्यावर चालणारे नाके त्यात नव्हते.

दोन्हींत लबाडीही उलट दिशेने होते. शुल्क असले की बिल कमी दाखवण्याचा मोह होतो. सीमाशुल्क अधिकारी २००७ च्या मूल्यांकन नियमांनुसार ते नाकारू शकतात आणि मग माल तपासणीत अडकतो. एमईपी असली की बिल फुगवले जाते आणि वरचे पैसे हुंडीने, म्हणजे बँकेबाहेरच्या मार्गाने, परत जातात. दोन्ही वेळा सरळ बिल करणारा निर्यातदार बोलीत मागे पडतो.

शेतकऱ्याच्या हातात किती वेळ आहे हे हंगामावर अवलंबून असते. साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा चार-सहा महिने थांबू शकतो. शुल्क लागले तर चाळ उघडायची नाही, एवढे तरी जमते. खरिपाचा लाल कांदा काही आठवड्यांत विकावाच लागतो. म्हणूनच डिसेंबर २०२३ च्या बंदीनंतर चांदवडला महामार्ग अडला.

सीमेपलीकडेही शेतकरी आहे. पाबना, फरीदपूर, राजबाडीचा कांदा निघतो तेव्हा बांगलादेश सरकार आयात परवाने, ज्यांना व्यापारी ‘आयपी’ म्हणतात, थांबवते. २०२३ मध्ये मार्चपासून थांबलेले परवाने ५ जूनला पुन्हा सुरू झाले. सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० च्या आपल्या अचानक बंदीनंतर त्यांनी म्यानमार, इजिप्त, तुर्की, पाकिस्तान अशी दारे उघडली आणि स्वतःचे क्षेत्रही वाढवायला घेतले. शुल्क किंवा एमईपी एका अधिसूचनेने उठते. गेलेले गिऱ्हाईक तसे परत येत नाही.

बांगलादेशसाठी सौदा करताना म्हणून चार गोष्टी लेखी असाव्यात: आयातदाराचा आयपी क्रमांक आणि त्याची मुदत, एमईपी लागू असेल तर पतपत्राची रक्कम तिच्याइतकी आहे का, लेट एक्स्पोर्ट ऑर्डरच्या दिवशी शुल्क बदलले तर फरक कोण भरणार, आणि ट्रक उभा राहिला तर रोजचे खोळंबा भाडे कोणाच्या नावावर. तिसरी गोष्ट बहुतेक सौद्यांत तोंडीच राहते आणि भांडणे तिथेच होतात.